सुट्टीतले दोन वाढदिवस

२८ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

उत्तराला महिना लावला, म्हणून आधीच कान पकडते. इकडे सगळं ठीक आहे. पाणी शुद्ध होतंय, शहर ते पितंय, आणि तुझे जावईबापू आठ तासांच्या पाळीचे बारा तास करून घरी येताहेत. प्रमुख झाल्यापासून कुणीही रजेवर गेलं की त्याची पाळी ह्यांच्याच गळ्यात. आता वर्षअखेरीला तर अर्धं केंद्र रजेवर जाणार.

आमचं हे नवं क्वार्टर तू पाहिलेलं नाहीस. जलशुद्धीकरण केंद्राच्या आवारात, टाक्यांना लागून एकटंच उभं आहे. पुढे हातभर अंगण, त्याला जाळीचं कुंपण, आणि शेजार म्हणशील तर पंपांची घरघर. तू थोरलीला 'मास्तरीण' म्हणायला लागलीस ते तिने मनावर घेतलंय. परवा ह्यांच्या नोंदवहीत 'शुद्धिकरण' लिहिलेलं दिसलं, तर हिने पेन्सिलीने दीर्घ करून ठेवलं. धाकटी ठेंगू अजून ठेंगूच आहे, पण जीभ मात्र वीतभर वाढलीय.

आता कामाचं. मास्तरीण बावीस डिसेंबरला नऊ वर्षांची होते, आणि ठेंगू एकतीसला पाच. वर्गातल्या बाकीच्या मुलींचे वाढदिवस शाळेत होतात, चॉकलेटं वाटतात, सगळा वर्ग टाळ्या वाजवतो. आमच्या दोघींचे बरोब्बर सुट्टीत येतात आणि शाळा उघडेपर्यंत शिळे होतात. यंदा सुट्टीत आम्ही तिघी तुमच्याकडे येऊ का? तुमच्या गल्लीत मुलं आहेत. दोन्ही वाढदिवस तिथेच करू. स्वयंपाक मी करीन, तू फक्त फुगे फुगव.

एक कर. बोलावणं मला पाठवू नकोस, ह्यांना पाठव, रीतसर. तू लिहिलंस तर ह्यांना नाही म्हणणं जड जाईल. आणि फोन नको. फोन ऑफिसात आहे, आपण बोलायला लागलो की चार माणसांना तिथेच काम निघतं.

दादाला नमस्कार.

तुझी,
नणंद


६ डिसेंबर

प्रिय वन्संबाई,

तुझं पत्र दवाखान्यात बसून वाचलं. आमच्या दातांच्या डॉक्टरांचा धंदा थंडीत जोरात असतो, आणि माझ्या पाठीचा काटा ढिला होतो. काल एका गृहस्थांनी डॉक्टरांचं बोट चावलं आणि वर मलाच म्हणाले, "बाई, जरा हळू."

अगं, यायचं म्हणतेस ते वाचून काळीज नुसतं सुपाएवढं झालं. पण बघ ना कसं नेमकं झालंय. तुझ्या भावाने घर रंगवायला काढलंय. कपाटं मधोमध, भांडी पलंगावर आणि आम्ही दोघं जमिनीवर. रंगारी आज येतो म्हणतात आणि परवा उगवतात. असल्या वासात पोरींना आणायचं म्हणजे दोघी खोकत बसतील. उन्हाळ्यात या. चांगल्या महिनाभर या.

मास्तरणीला रंगपेटी पाठवते आणि ठेंगूला फ्रॉक. माप कळव, गेल्या वेळचं माप आता तिच्या बाहुलीलासुद्धा होणार नाही.

रागावू नकोस. जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझी,
वहिनी


१२ डिसेंबर

वहिनी,

हे पत्र प्रयोगशाळेतल्या बाईंच्या हाती देतेय. त्या रोज शहरातून ये-जा करतात. पाण्याच्या नमुन्यांच्या पेटीत ठेवून नेतील. तूही उत्तर त्यांच्याच पत्त्यावर पाठव, मागे लिहिलाय. माझी पत्रं आजवर हेच टपालपेटीत टाकायचे. वाचत नाहीत ते, खोटं कशाला बोलू. पण पाकीट त्यांच्यासमोर चिकटवायचं म्हटलं की हात आपोआप गोड लिहितो.

तुझ्या रंगाऱ्यांवर माझा राग नाही. पण उन्हाळ्यापर्यंत मला थांबवत नाही. का, ते सांगते.

जुलैमध्ये ठेंगू हौदात पडली.

गाळ बसण्यासाठी पाणी ठेवतात तो हौद. दुपारी हे जेवून परत कामावर गेले. मी मास्तरणीला म्हटलं, "जरा हिच्याकडे बघ," आणि पाठ टेकली. माझा डोळा लागला. अंगणातून टाक्यांकडे जायला जाळीचं फाटक आहे, तोच आमचा एकुलता एक रस्ता. त्याला तेव्हा नुसती कडी होती. जाग आली ती माणसांच्या ओरडण्याने. पंपावरच्या ऑपरेटरने तिला पाहिलं होतं आणि बुटांसकट उडी मारली होती. तीन दिवस आम्ही इस्पितळात होतो. पोर वाचली. कडी उंच आहे, तिचा हात पोचत नाही. पण स्टूल ओढायला काही शिकवावं लागत नाही.

तुम्हाला कळवलं नाही. काय कळवणार होते, की मी झोपले होते?

हे मला एका शब्दाने बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. आम्ही घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप आलं आणि चावी ह्यांच्या खिशात गेली. मी विचारलं, "दुसरी चावी?" म्हणाले, "हरवली." सकाळी हे मुलींना उचलून जीपमध्ये बसवतात, शाळेत सोडतात, दुपारी आणतात. बाहेर पडताना कुलूप, आत येताना कुलूप. भाजी ऑपरेटर जाळीवरून देतो. मला आणि भाजीला दोघांनाही संकोच वाटतो.

शाळा असते तोवर निदान मुली बाहेर असतात. आता अठरापासून सुट्टी. हे दोन-दोन पाळ्या करणार. आम्ही तिघी अठरा पावलं लांब आणि अकरा पावलं रुंद अंगणात. मोजून दिलीत मास्तरणीने.

वाईट माणूस नाही ते, वहिनी. घरी आले की मुलींचे केस विंचरतात. मी भांडत नाही. कुठल्या तोंडाने भांडू, झोपले तर मीच होते.

पण एकदा तुझ्याकडे येऊन रस्त्यावरून नुसतं चालायचं आहे. रंगाचा वास चालेल मला.


१७ डिसेंबर

प्रिय वन्सं,

तुझं पत्र वाचून दोन पेशंटांची नावं उलटसुलट पुकारली. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्हीच खुर्चीत बसा." एवढं सगळं घडलं आणि तू सहा महिने 'सगळं ठीक' लिहीत राहिलीस?

पण मी काय म्हणते, ते जरा शांतपणे ऐक. माणूस घाबरला की असंच काहीतरी करून बसतो. ती मरता मरता वाचली, त्यांच्या डोळ्यांसमोरून ते जात नसेल. तू गोड बोलून त्यांची समजूत काढ. एकदम चावी मागू नकोस, आधी संध्याकाळी अर्धा तास तरी फाटक उघडा म्हणावं. टीचभर मिळालं की हातभर मागता येतं. तुझा भाऊही म्हणतो की यंदा मुलींना प्रवास नकोच.

रंगारी अजून आहेत. छताला सुरुवात झालीय.

रंगपेटी आणि फ्रॉक बाईंच्या पत्त्यावर पाठवलाय. फ्रॉक अंदाजाने शिवून घेतला, मोठा झालाच तर शिवण आत घे. आणि तू स्वतःला खाऊ नकोस. दुपारी कुणाचाही डोळा लागतो.

तुझी,
वहिनी


२३ डिसेंबर

प्रिय मामीस,

सा. न. वि. वि.

रंगपेटी मिळाली. पेटीवर बारा रंग असं लिहिलं आहे पण पांढरा दोनदा आहे, म्हणून खरे अकरा. तरी आवडली.

माझ्या वाढदिवसाला पाच माणसं आली. आई, बाबा, ठेंगू, ऑपरेटरकाका आणि प्रयोगशाळेच्या बाई. बाबा अर्धा तास आले आणि मग पाळीवर गेले. केक आईने केला, तो एका बाजूने बसला होता, म्हणून आईने त्या बाजूला जास्त क्रीम लावलं. ठेंगूचा फुगा उडून जाळीच्या पलीकडे गेला आणि टाकीच्या पायरीपाशी अडकला. आम्हाला दिसत होता पण आणता येत नव्हता. आम्ही तो संध्याकाळपर्यंत बघत बसलो. मग फुटला. ठेंगू रडली नाही. ती म्हणाली, "बाहेर गेलं की फुटतंच."

आता एक दुसरी गोष्ट. ही मी कोणाला सांगितलेली नाही. तू लांब राहतेस म्हणून तुला सांगते.

ठेंगू पाण्यात पडली त्या दिवशी फाटक तिने उघडलं नव्हतं. बाबा जेवून गेले तेव्हा त्यांच्या एका हातात वही होती आणि दुसऱ्या हातात नमुन्याची बाटली. त्यांनी फाटक पायाने लोटलं. कडी लागली नाही. मी व्हरांड्यातून पाहिलं. मी कडी लावायला उठणार होते, पण माझं चित्र ओलं होतं आणि वारा सुटला होता. म्हणून मी चित्र धरून बसले.

आई म्हणते की ती झोपली म्हणून सगळं झालं. ती असं म्हणाली की माझ्या पोटात दुखतं. आई म्हणते तुझं पोट थंडीने दुखतं आणि ओवा देते. पण ते थंडीने नाही.

बाबांचं नाव सांगितलं तर त्यांना कामावरून काढतील. म्हणून तू आईला सांगू नकोस. तुला माझी शपथ.

तुझी भाची

ता. क. ठेंगूचा फ्रॉक मोठा आहे पण ती तो काढत नाही.


२७ डिसेंबर

वन्सं,

आधी सोबतचं पत्र वाच. तुझ्या लेकीने मला शपथ घातली होती. ती मोडतेय, मोठी झाल्यावर ती मला माफ करील की नाही, ते तिचं तिने ठरवावं.

वाचलंस? आता माझं ऐक, आणि वाटलं तर पुन्हा तोंड बघू नकोस माझं.

आमच्या घराला रंग दिलेला नाही. एकही रंगारी आला नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच जावईबापूंचा तुझ्या भावाला फोन आला होता. म्हणाले, "सुट्टीत तिला बोलावू नका. मुली तिला सांभाळता येत नाहीत, एकदा धाकटीच्या जिवावर बेतलं होतं." काय, कसं, काही सांगितलं नाही. तुझ्या भावाने शब्द दिला. मग तुझं पत्र आलं, आणि मी बसल्या बसल्या रंगारी, कपाटं, छत, सगळं उभं केलं. तुझं बाराचं पत्र आलं तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं. नाही बोलले. वाटलं, नवरा-बायकोचं आहे, आपण कशाला मध्ये पडा. तुला वर शहाणपणही शिकवलं, गोड बोल म्हणून.

पोरीचं पत्र आलं आणि लाज वाटली. नऊ वर्षांच्या मुलीने मला खरं सांगितलं आणि मी चाळिशीची बाई रंगाऱ्यांच्या गोष्टी लिहितेय.

तुझ्या भावाला ते वाचून दाखवलं. चहा निवून गेला त्याच्या हातात. मग म्हणाला, "मी तिला एकदा फोन करून विचारलंसुद्धा नाही." आणि उठून बाहेर गेला. तो जावईबापूंना फोन करणार होता, मीच अडवलं. आतापर्यंत तुझ्या डोक्यावरून दोघं पुरुष बोलले तेवढं पुरे. आता काय करायचं ते तू सांग. मी येऊ म्हणालीस तर पहिल्या बसने निघते, डॉक्टरांची दाढ ठणकली तरी थांबणार नाही. येऊ नकोस म्हणालीस तर थांबते.

मास्तरणीला सांग की... नको, काही सांगू नकोस. आधी तिला जवळ घे.

तुझी,
वहिनी


६ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पाकीट मला तीसला मिळालं. बाईंनी नमुन्यांच्या बाटल्या घ्यायच्या निमित्ताने जाळीतून दिलं. न्हाणीघरात जाऊन वाचलं. तुझ्यावर रागावले, हे लपवत नाही. त्या रंगाऱ्यांसाठी मी मनातल्या मनात चहासुद्धा टाकला होता. पण तुझ्यावर रागवायला पुढे पुष्कळ वेळ आहे.

आधी मास्तरणीला स्वयंपाकघरात बोलावलं. म्हटलं, "मला कळलंय." तिने विचारलं, "बाबांना काढतील का?" म्हटलं, नाही. मग ती ओट्याच्या कोपऱ्याला नख लावत उभी राहिली. म्हणाली, "मी कडी लावली असती तर?"

"कडी लावणं हे नऊ वर्षांच्या मुलीचं काम नाही."

"तेव्हा मी आठची होते," ती म्हणाली, आणि मग जी रडायला लागली ती माझा पदर पार भिजेपर्यंत. सहा महिने मी या पोरीला ओवा देत होते, वहिनी.

त्याच दुपारी चार वाजता, दोन पाळ्यांच्या मध्ये हे घरी आले. मी चहा टाकला नाही. पत्र पुढे ठेवलं. लेकीचं अक्षर ओळखलं त्यांनी, जरा हसले, उभ्यानेच वाचायला लागले. वाचता वाचता बुटांच्या फळीवर बसले.

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"ऑपरेटरने सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी, इस्पितळात. म्हणाला, साहेब, फाटक सताड उघडं होतं, तिथे स्टूल वगैरे काही नव्हतं."

"आणि तुम्ही सहा महिने मला..."

"तूच म्हणालीस की माझा डोळा लागला. डॉक्टरांना सांगितलंस, सगळ्यांना सांगितलंस. मी नाही म्हटलं नाही. मग रोज वाटायचं, आज सांगू. जितके दिवस जायचे तितकं ते अवघड व्हायचं." मग म्हणाले, "फाटक दिसलं की कडी दहादा चाचपावीशी वाटते. कुलूप लावलं की एकदाच पुरतं. पुन्हा माझ्या हातून काही राहून जायला नको, एवढंच डोक्यात होतं."

"आणि आम्ही आत?"

मी हात पुढे केला. त्यांनी खिशातून जुडगा काढून दिला. त्यात दोन्ही चाव्या होत्या.

तेव्हा मला जो राग आला ना वहिनी, तो लग्नाला अकरा वर्षं झाली तरी कधी आला नव्हता. दादाला केलेल्या फोनचंही विचारलं. मान खाली घालून सगळं कबूल केलं. मी त्यांना तिथेच कागद घेऊन बसवलं आणि हौदांना कठडा आणि वर जाळी मिळावी म्हणून वरच्या ऑफिसला अर्ज लिहायला लावला. हे आधी कुणालाच सुचलं नाही, मलासुद्धा. कोंडायचं तर पाण्याला कोंडा. मास्तरणीने अर्ज तपासला, दोन चुका काढल्या. ऑफिसची जाळी यायची तेव्हा येईल. ऑपरेटरने आणि ह्यांनी मिळून आमच्या बाजूच्या हौदाला पाइपांचा कठडा बांधलाय. पक्का आहे, मी लाथ मारून पाहिली.

मी चाव्या घेतल्या तेव्हा मला वाटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी ठेंगूचा वाढदिवस. ठरवलं, केक इथेच ठेवायचा आणि सकाळच्या बसने थेट तुझ्याकडे यायचं. पिशवी भरली. फाटक उघडलं. मास्तरीण बाहेर गेली. मी बाहेर गेले. ठेंगू तुझा तो ढगळा फ्रॉक घालून आतच उभी राहिली.

म्हटलं, "चल."

तिने मान हलवली. हात धरला तर तिने जाळी धरली. "मी नाही. मी बुडीन."

शाळेला ती हे उचलून जीपमध्ये बसवतात तशी जाते. स्वतःच्या पायांनी त्या फाटकातून ती जुलैपासून बाहेर पडलेलीच नाही. मला हे कसं दिसलं नाही? मी स्वतःचंच कुलूप बघत बसले होते. एक बस गेली, दुसरी गेली. ओढून नेता आलं असतं. एवढीशी तर आहे. पण तिची बोटं जाळीत पांढरी पडली होती, आणि मी तिला ओढू शकले नाही. पिशवी आत ठेवली. केक उंबऱ्याच्या आत कापला, पाच मेणबत्त्या तिने आतूनच विझवल्या.

संध्याकाळी हे आले. मी म्हटलं, "हे तुम्ही केलंय. तुम्हीच तिला सांगा." ते फाटकाबाहेर मातीत मांडी घालून बसले, साहेबाच्या कपड्यांनिशी, येणारे-जाणारे बघत होते तरी. तिला म्हणाले, "बाळा, त्या दिवशी फाटक मी उघडं ठेवलं होतं. चूक माझी होती. आईची नाही, ताईची नाही, तुझी नाही." तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग आता नीट लाव." आणि आत गेली.

ते तिथेच बसून राहिले. मी त्यांना उठवायला गेले नाही.

केंद्राच्या मोठ्या दरवाजापासून बसचा थांबा अकरा विजेच्या खांबांवर आहे. एक तारखेला ठेंगू माझ्या कडेवर फाटकाबाहेर आली, डोळे मिटून. दोनला खाली उतरली, माझ्या पायांवर पाय ठेवून. काल मास्तरणीने तिला सांगितलं की पहिल्या खांबाला हात लावला की एक मार्क, आणि मार्कांसाठी ती दोन खांब चालली. कठड्याजवळून जाताना अजून मला घट्ट धरते आणि श्वास रोखते. आज चौथ्या खांबापर्यंत गेलो. तिथे थांबून म्हणाली, "आता घरी." मी परत फिरले.

ह्यांच्याशी मी कामापुरतं बोलते. काल विचारत होते, "माहेरी गेलीस की परत कधी येशील?" म्हटलं, "शाळा बारा तारखेला उघडते, मुली शाळेसाठी येतील." माझं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. खरं सांगू, मलाही माहीत नाही.

तू येऊ नकोस, वहिनी. तू आलीस तर तिला तुझ्याच कडेवर बसून यायची सवय लागेल. आम्हीच येतो. कधी ते विचारू नकोस. दादाला म्हणावं, बसच्या वेळा लिहून पाठव, सकाळच्या आणि दुपारच्या दोन्ही.

उद्या पाचवा खांब.

तुझी,
नणंद